चिंचेच्या पाण्यातलं पोवळं

धाकट्या जावेवर मी किती जळायची, हे आता सांगायला काही हरकत नाही. ती हे वाचेल, तेही मला माहीत आहे. वाचू दे. निम्मंअर्धं तिला ठाऊकच आहे.

वणीहून मुकुटबनला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत आमचं गाव. एक अंगण, त्याच्या दोन अंगांना दोन भावांची घरं, आणि दोन चुली. थोरल्याची मी, धाकट्याची ती. सासू-सासरे तिच्या लग्नाआधीच गेलेले, म्हणजे घरात मोठी बाई मीच. मी या घरात आले तेव्हा चौथी शिकलेली होते, तीही शाळा अर्धी आणि वावर अर्धं अशी. ती आली बारावी सायन्स होऊन. वणीची पोरगी, बाप कोळशाच्या खाणीत नोकरीला, भाऊ जहाजावर.

लग्नात रुखवत मांडतात, तुम्हाला माहीतच आहे. शेवया, पापड, भरतकामाच्या उशा, मण्यांचा मोर. हिच्या रुखवतात या सगळ्याच्या मधोमध एक दगड होता. पांढरा, राखेच्या रंगाचा, मोठी कटोरी उपडी ठेवावी एवढा. आणि अंगभर वाट्याच वाट्या. एकीला लागून दुसरी, करंगळीचं टोक बसेल एवढी एकेक. तिच्या भावाला अंदमानात किनाऱ्यावर पडलेला सापडला होता. आता म्हणे असं उचलून आणायला बंदी आहे. तेव्हा कोणाला माहीत होतं?

आमच्या शेजारच्या म्हातारीनं तो दगड खालीवर करून पाहिला.

"लग्नात दगुड देते का वं कोणी? आमच्या वावरात लय पडेल हायेत. गाडीभर न्या म्हना!"

"आजी, पोवळं हाये ते. समुद्रातलं," नवरी असूनही ही बोलली.

"पोवळं तं लाल रायते. अंगठीतलं."

"हे त्याचंच, पन लांबच्या भावकीतलं."

सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. पण या घरात येऊन मला नऊ वर्षं झाली होती, आणि मांडवातल्या बाया माझ्या बोलण्यावर अशा कधी हसल्या नव्हत्या.

तरी तेवढ्यानं मी जळले नसते. जळले ते माझ्या पोरीवरून.

माझी एकच लेक. काकू आली तेव्हा ती चार वर्षांची होती. पहिल्या दिवसापासून काकूच्या पदराला. मी म्हणायची, बरं आहे, माझे हात मोकळे. मग ती दहाची झाली आणि तिला एक दिवस तो दगड दिसला, म्हणजे नीट दिसला. काकूच्या घरात कोनाड्यात तो सहा वर्षं पडून होता. पोरीनं विचारलं, या वाट्या कोणी कोरल्या? आणि काकूनं ट्रंकेतून शाळेतलं भिंग काढलं.

त्या दिवशी पोरगी धावत आली. मी भाकरी थापत होते.

"माय, माय, ते दगड नोहे! ते घर हाये. एकेका वाटीत एकेक जीव राहे. मऊ, हाडं नसलेला. तो आपल्या अंगातून चुना काढे अन् बुडाखाली वाटी बांधे. अन् वाटीत ना, माय, बंडीच्या चाकाले कसे आरे रायतात, तसे आरे हायेत. गोल. बाहेरून आत. मी मोजले!"

मला त्यातलं काहीएक कळलं नाही. कळलं नाही असं म्हणायची लाज वाटली. मी म्हटलं, "बरं. जेव आधी."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा काही सांगायला आली, मी पुन्हा "बरं" म्हटलं. तिसऱ्या दिवशी ती आली नाही. मग तिनं मला सांगणंच सोडलं. शाळेतून आली की दप्तर आमच्या ओसरीवर आणि पोरगी पलीकडच्या ओसरीवर. दोघींची डोकी एकाला एक लागलेली, मध्ये तो दगड. पोरगी वहीत वाट्या काढायची, काकू तिला सांगायची, "हा आरा मोठा, त्याच्या मधातला बारीक, नीट पाह्य." मी इकडे सुपात तुरी निवडत बसायची. अंगण असेल पंधरा पावलांचं. तेवढं चालून जायला मला काय झालं होतं? कोणी पाय बांधले नव्हते. पण माझ्याच अंगणात मी पाहुण्यासारखी उभी राहू? "मलेही दाखवा" म्हणू? त्यापेक्षा तुरी बऱ्या.

एकदा ती दोघं नवरा-बायको वावरात गेली असताना मी तिच्या घरात शिरले. दगड हातात घेतला. वजनाला वाटला होता त्याहून हलका निघाला. एका वाटीत करंगळी घातली. आत खरखरीत लागलं. कापूस वेचताना बोंडाची वाळलेली टोकं बोटांना टोचतात, तसं. एवढंच. पोरीला जे दिसत होतं, त्यातलं मला काही दिसलं नाही. रिकामी वाटी, दुसरं काय! मी दगड होता तसा ठेवला आणि दिवसभर भांडी आपटत राहिले.

गावच्या नळावर शेजारची म्हातारी म्हणाली, "तुही पोरगी तं तिकडंच रायते वं आताशा. दत्तक दिली का काय?"

मी म्हटलं, "काय करता आजी. ज्याच्या घरात पाळना नाही, त्यानं दुसऱ्याच्या लेकराले दगड दाखवून जीव रमवावा."

बोलले आणि मागं पाहिलं, तर धाकटी रांगेत उभी. तिनं घागर भरली, डोक्यावर घेतली आणि गेली. घागर काठोकाठ भरली होती, तरी थेंब सांडला नाही. त्याचाही मला रागच आला. काहीतरी सांडायला हवं होतं.

ती वर्षं कापसाची फार वाईट होती. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे, मी काय वेगळं सांगणार? आमच्या घरात त्याचं एवढंच दिसायचं की पुरुष माणसं बोलेनाशी झाली. दोघं भाऊ ओसरीवर बसायचे, पण एकमेकांकडे न पाहता. आणि सणाला नवं काही आणायचं बंद झालं. आमच्याकडे भादव्यात महालक्ष्म्या बसतात, थोरल्याच्या घरी, म्हणजे माझ्या. दरवर्षी आरास करायची. दोन तरी नव्या वस्तू देवीपुढे मांडायच्या, गावच्या बाया पाहायला येतात. त्या वर्षी झुरमुळ्या जुन्या, पडदा जुना, चिनीमातीची हरणं तीही शिंगं तुटलेली. मी आरासीचं खोकं उघडून तशीच बसले होते, तेवढ्यात धाकटी आली. तो दगड दुपट्ट्यात गुंडाळून आणलेला.

"बाई, यंदा हे ठेवता का महालक्ष्मीपुढं? नवीन काही नाही तं हेच सही. गावानं कुठं पाह्यलं हाये नीट."

तिचा मान, तोही माझ्या देवीपुढे! पण खोक्यात शिंगं तुटलेली हरणं होती. मी म्हटलं, "ठेव तिथं."

ती ठेवून वणीच्या गाडीला गेली. आईकडून मुखवट्यांसाठी दोन ठुशा आणायच्या होत्या, संध्याकाळी परत येणार होती.

आता आमची चाल सांगते. आमच्या सासूबाईंचा दंडक होता, महालक्ष्मीपुढे जी वस्तू जाईल ती चिंचेच्या पाण्यातून निघाल्याशिवाय जायची नाही. पितळ, तांबं तर सोडाच, पाट आणि चौरंगसुद्धा चिंचेच्या पाण्याच्या फडक्यानं पुसून घ्यायचे. आणि हे काम थोरल्या सुनेचं. मी धाकटीला त्या भांड्यांना सहा वर्षांत हात लावू दिला नव्हता. "तुले नाही जमायचं" म्हणायची. खरं तर तेवढा एकच मान माझ्या एकटीचा होता, तो मला वाटून द्यायचा नव्हता. त्यामुळे ही चाल तिला माहीतच नव्हती. माहीत असती तर ती दगड ठेवून गाडीला गेली नसती.

मी मोठ्या घमेल्यात चिंच कोळली, मीठ टाकलं, वरून चार लिंबं पिळली. समया घासल्या, ताम्हण घासलं, तांबे घासले. मग दगड घेतला आणि वाट्यांची बाजू खाली करून पाण्यात सोडला. घमेलं उथळ, एक अंग वर राहिलं. म्हटलं, राहू दे, मग फिरवून घेऊ.

सूं सूं असा बारीक आवाज यायला लागला. पाहते तर दगडाच्या कडेनं बुडबुडे. प्रत्येक वाटीतून बुडबुड्यांची एकेक ओळ वर येत होती. शंभर तोंडांनी कोणी श्वास सोडावा तसं. पहिल्यांदा वाटलं, मळ निघतोय, बरं झालं. हात घालून बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली.

आमच्या भागात सगळा चुनखडीचा दगड. ओसरीच्या फरशीवर लिंबाची फोड पडली तर फेस येतो आणि डाग पडतो, तो जन्मात जात नाही. आमच्या फरशीवर असे चार डाग होते, त्यातले दोन माझ्या हातचे. आणि "अंगातून चुना काढे" हे पोरीचे शब्द, मी "बरं, जेव आधी" म्हणून ढकलले होते तरी, कानात राहिलेच होते. त्या घमेल्यासमोर बसून मला दोन्ही गोष्टी एकदम कळल्या. पाण्यात काय होत होतं ते मला कळलं. हे मी आजवर असं लिहून कुठं ठेवलं नव्हतं, आता ठेवते.

मी तो दगड बाहेर काढला नाही. हात पुसले, उठले आणि आत जाऊन पीठ चाळायला लागले. चाळताना कान मात्र बाहेर.

दुपारी पोरगी शाळेतून आली. अंगणातच ओरडली, "माय! हे काय करून राह्यली?" मी बाहेर येईतो तिनं दगड घमेल्यातून काढला होता. फ्रॉक चिंचेच्या पाण्यानं भिजलेला. दगडाचा बुडालेला भाग पिवळट-तपकिरी पडला होता. तिनं त्यावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. रडली नाही.

"आरे गेले," म्हणाली.

तिनं तो पाच-सहा वेळा साध्या पाण्यानं धुतला आणि आपल्या एका कोरड्या परकरावर ठेवून त्याच्याजवळ बसली. मी म्हटलं, "तुह्या आजीची चाल हाये ते, घासा लागतेच."

संध्याकाळी धाकटी आली. शेजारची म्हातारी आणि आणखी दोघी झुरमुळ्या बांधायला आल्या होत्या, त्यांच्यासमोरच सगळं झालं. धाकटीनं दगड उचलला, बुडालेली बाजू पाहिली, कोरडी पाहिली, पुन्हा बुडालेली. चेहऱ्यावरचं काही हललं नाही.

म्हातारी लगेच माझ्या मदतीला. "अवं, ते बिचारी चौथी शिकेल. तिले काय मालूम का दगडाले चिंच चालत नाही!"

चौथी शिकेल हे मला कोणी म्हटलं की माझ्या अंगाची लाही व्हायची. त्या दिवशी मी त्याच शब्दाच्या आड जाऊन बसले. मान खाली घालून म्हटलं, "मले काय माहीत वं, माय."

"नाही वो बाई, तुमची काही चूक नाही," धाकटी म्हणाली. "मीच सांगाले पाह्यजे होतं."

आणि तिनं दगड आरासीत ठेवला, चांगली बाजू समोर करून.

तीन दिवस बाया येत होत्या. दगड पाहायच्या, मग दगडाचं काय झालं ते ऐकायच्या, मग म्हणायच्या, "काय मन हाये वं धाकटीचं! दुसरी असती तं भांडून अंगण डोक्यावर घेतलं असतं." मी सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं एकहाती रांधलं. त्याचं कोणी नाव काढलं नाही. चूक माझी आणि कौतुक तिचं! मी आंबील जोरजोरात ढवळत राहिले.

एक मात्र माझ्या मनासारखं झालं होतं. पोरगी पलीकडे जायची थांबली. शाळेतून आली की आमच्याच ओसरीवर बसायची. मला हवं होतं ते हेच ना? पण तिच्याकडे पाहवेना. वही उघडायची नाही, बोलायची नाही, खांबाला पाठ टेकून नुसती अंगणाकडे पाहायची.

महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिची वेणी घालत होते. तोंड पलीकडे असल्यामुळेच तिला विचारता आलं असेल.

"माय, बुडबुडे येत होते तवा तू कुठं होती?"

आत होते, पीठ चाळत होते, असं म्हणता आलं असतं. तेही खोटं नव्हतं.

"तिथंच होती."

"दिसले होते तुले?"

"हो."

"मंग?"

मी वेणीचा पेड सोडला, पुन्हा घातला.

"काकूले सांग," ती म्हणाली.

"सांगून काय होईल आता?"

"मले नाही माहीत काय होईल. पन मी काकूले म्हनलं का मायले समजलंच नाही, माय तसं करनारच नाही. शपथ घेतली मी. मले तवाच वाटत होतं का तुले समजलं होतं. आता मले तिथं जाऊन बसवत नाही."

माझी पोरगी माझ्यासाठी खोटी शपथ वाहून आली होती. मी समजत होते ती तिकडची झाली. आणि ती माझ्या बाजूनं उभी राहून स्वतःची बसायची जागा घालवून आली होती.

त्याच दुपारी मी ते पंधरा पावलांचं अंगण ओलांडलं. धाकटी मूग निवडत होती. मी उंबऱ्यातच बसले आणि सांगून टाकलं, बुडबुड्यांपासून पिठापर्यंत. ती निवडत राहिली. एक खडा काढला, फेकला. दुसरा काढला.

"मले वाटलंच होतं," शेवटी म्हणाली.

"कवा?"

"तुम्ही 'मले काय माहीत' म्हनलं तवा. सहा वर्षांत तुम्ही असं एकदाही नाही म्हनलं वो बाई. तुम्हाले तं सगळंच माहीत असते."

लागलं. पण खरं होतं.

"मंग बोलली काहून नाही चार बायांत?"

आता तिनं सूप खाली ठेवलं. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ती किती रागावली आहे.

"राग आला होता. अजूनही हाये. माह्या भावानं त्या दगडापाई एक शर्ट टाकून देल्ला, पेटीत जागा नोहती म्हनून. पन भांडली असती तं तुम्ही पोरीले मह्याकडं येऊ देल्लं असतं का? नळावर काय म्हनलं ते ऐकलं होतं मी. तरी आली ना दगड घेऊन? ह्या घरात दुसरं कोन येते बाई, सांगा. दगड गेला तं गेला. पोरगी बंद झाली असती तं मी काय केलं असतं?"

मी तिच्यावर जळत होते ते तिच्याकडे सगळं होतं म्हणून. आणि जे तिच्याकडे होतं ते सगळं माझ्या एका "जाऊ नको" वर टांगलेलं होतं. मी ते कधीही तोडू शकत होते. घमेल्यात मी तेच केलं होतं.

"चुकली मी," मी म्हटलं. "नळावरही अन् इथंही." मोठ्या जावेनं लहान जावेला असं म्हणायची आमच्यात रीत नाही. पण म्हटलं. "पोरगी उद्यापासून येईल."

"बरं."

"अन् मीही येईन."

तिनं मान वर केली. "तुम्ही? कायले?"

"त्या वाटीत असं काय हाये ते मले पाहाचं हाये. तुम्ही दोघी पाहता अन् मी तिकडून तुमच्या पाठी पाहतो."

ती मग सूप उचलून म्हणाली, "या ना. पन हात कोरडे करून या."

दुसऱ्या दिवशी मी गेले. हात कोरडे करूनच गेले. जळणं काही त्या उंबऱ्याशी काढून ठेवलं नव्हतं, तेही माझ्यासोबत आत आलं होतं. त्या दोघींना एकमेकींचं अर्धं बोलणं पुरायचं, मला पूर्ण वाक्यही पुरेना. त्या जळण्यापोटीच मी पुढं पोरीची पुस्तकं एकेक अक्षर लावून वाचायला घेतली आणि आज हे लिहिते आहे. चांगल्या गुणापोटी मी फारसं काही शिकले नाही, खरं सांगते.

पोरीनं मला उजेडाकडे तोंड करून बसवलं. "एक डोया मिटव, माय. भिंग डोयाजवळ नाही, वाटीजवळ धर." आधी तिनं मुद्दाम बुडालेली बाजू दिली. गुळगुळीत खळगे होते, जिभेनं चाटून घेतल्यासारखे. मग तिनं दगड फिरवला.

आणि दिसलं. करंगळीला नुसतं खरखरीत लागलं होतं, तिथं पातळ पातळ पडदे उभे होते. काठावरून निघून मध्याकडे जाणारे, एक मोठा, एक लहान, पुन्हा मोठा. प्रत्येकाची धार बारीक दाते पाडल्यासारखी. एवढ्याशा बिनहाडाच्या जिवानं हे अंगातून काढलं? आणि मध्ये बसला? आणि शेजारच्याची भिंत याच्या भिंतीला लागून!

"हे दोन वाट्यांच्या मधात काय हाये वं, बारकं?" मी विचारलं.

"ते नवीन," धाकटी म्हणाली. "तिथं आनखी एक वाटी उठून राह्यली होती."

"आरे किती हायेत तिले?"

"मोजा ना तुम्हीच."

मी मोजायला लागले. आठवर आले आणि चुकले, पुन्हा पहिल्यापासून धरलं. पोरगी माझ्या खांद्याला रेलली होती.

"दे ना माय आता. माही पाळी हाये."

"थांब वं," मी म्हटलं, आणि भिंग दिलं नाही.